बाईक खाली घ्यायची? आधी हे ऐका

आजचा प्रश्न जिंतूरहून आलाय: "उंची पाच फूट तीन इंच. एक्सपल्स २०० फोर व्ही घेतली, पण थांबलं की फक्त बोटं टेकतात. सस्पेन्शन खाली घेऊ का?"

या गाडीची सीट ८२५ मिमी उंच आहे, म्हणजे अडचण खरी आहे. पण आधी सीटचा फोम कमी करून बघा. इंचभर तासला तरी फरक कळतो आणि सस्पेन्शनला हातही लागत नाही.

काहीजण मागचा प्रीलोड सैल करतात. गाडी खाली बसते खरी, पण डबलसीट खड्ड्यात गेली की शॉक तळाला आपटतो.

खाली घ्यायचीच तर पुढून-मागून सारखीच घ्या. नुसती मागून घेतली तर हँडल सुस्त होतं आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात जातो. नुसती पुढून घेतली तर वेगात हँडल बिचकतं. पुढे फोर्कचे पाईप क्लॅम्पमधून वर सरकवतात. त्यानंतर फोर्क पूर्ण दाबला तरी टायर कुठे घासत नाही ना, हे तपासाच. साइड स्टँडही कापून आखूड करावा लागतो, नाहीतर गाडी सरळ उभी राहते आणि जरा धक्का लागला की दुसऱ्या बाजूला पडते.

आणि २२० मिमीचा ग्राउंड क्लिअरन्स कमी होणार, हे विसरू नका. आपल्याकडं पावसाळ्यात शेतरस्त्याच्या काळ्या चिखलात चाकोऱ्या पडतात, तिथं एकेक इंच कामाला येतो.

मी स्वतः फोमवरच थांबलो. एक पाय नीट टेकला तरी पुरतं, दोन्ही टेकायलाच पाहिजेत असं नाही!