दर्या आणि दऱ्या : आज्ञावलीच्या आवृत्त्यांमधील वर्तनबदल आणि स्वयंचलित चाचणी

'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधील खोल भाग. 'आचार्यास' आणि 'आचाऱ्यास' ही जोडीही अशीच. मराठीत 'र'च्या केवळ आकाराने अर्थ पालटतो. संगणकावर हा आकार आज्ञावलीच्या आवृत्तीवर अवलंबून असतो, ही बाब भाषाभ्यासकांनी दुर्लक्षिण्याजोगी नाही.

नवी दिल्लीतील भारतीय मानक ब्यूरोचे 'इस्की' हे मानक (आय. एस. १३१९४) १९९१ चे, युनिकोडमधील देवनागरीची मांडणी त्याच्या १९८८ मधील पूर्वरूपावर बेतलेली आहे. युनिकोडच्या दुसऱ्या आवृत्तीत 'र', हलन्त आणि शून्य रुंदीचा जोडक अशा क्रमाने अर्धा 'ऱ' साधला जाई. पुढे 'ऱ' आणि हलन्त हा क्रम मान्य झाला. जुना केवळ सुसंगतीसाठी राहिला. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. संकेतांकांची अक्षरशः तुलना करणाऱ्या शोधात मात्र ते दोन वेगळे शब्द ठरतात. २००८ मध्ये ५.१ या आवृत्तीत 'ॲ'ला स्वतंत्र संकेतांक मिळाला, तेव्हा 'अ'वर चंद्र देऊन साठवलेल्या जुन्या शब्दांचीही हीच गत झाली. कोशकाराच्या संग्रहातील नोंद अशा वेळी नाहीशी होत नाही. ती सापडेनाशी होते. हे अधिक घातक, कारण कोणतीही चूक नोंदवली जात नाही.

यावरील उपाय म्हणजे 'रिग्रेशन टेस्टिंग', अर्थात प्रतिगमन-चाचणी. निवडक शब्द जुन्या आवृत्तीस देऊन तिचे उत्तर जतन करावयाचे, तेच शब्द नव्या आवृत्तीस द्यावयाचे आणि दोन्ही उत्तरे यंत्राकरवी ताडून पाहावयाची. अक्षरजुळणी करणाऱ्या 'हार्फबझ' या मुक्त आज्ञावलीत प्रत्येक चाचणीसोबत टंक, संकेतांक आणि अपेक्षित अक्षराकृतींचा क्रम नोंदवलेला असतो. क्रम बदलला की चाचणी अनुत्तीर्ण होते.

येथे एक मर्यादा ध्यानी घ्यावी लागते. यंत्र फरक दाखवते, दोष नव्हे. मुळात जतन केलेले उत्तरच अशुद्ध असेल, तर सुधारणा हाच बिघाड ठरेल. याउलट, चाचणी अडते म्हणून अपेक्षित उत्तरच बदलून टाकण्याचा मोह होतो. तो सर्वांत वाईट. अनुक्रमाचे उदाहरण घ्या. संकेतांकांच्या क्रमात 'ळ' हा 'ल'च्या पाठोपाठ येतो, मराठी वर्णमालेत तो 'ह'नंतर. नव्या आवृत्तीत 'ळ' जागचा हलला, तर तो बिघाड की दुरुस्ती, हे मराठी कोश हाताळलेल्या माणसालाच सांगता येईल. आणि चाचणीसाठी शब्द निवडतानाच त्याला सोबत घ्यावयास हवे.