हवापालट कुणाचा?

ठाण्याचे कलेक्टर मॅलेटसाहेब १८५० मध्ये माथेरानला पोहोचले; १९०७ मध्ये झुकझुक गाडी आली. खाजगी मोटारी मात्र आजही दस्तुरी नाक्यावरच थांबतात. तेथून तांबड्या वाटेने चालत आम्ही चौघे भाऊ सहकुटुंब भाड्याच्या एका जुन्या बंगल्यात उतरलो. रुंद व्हरांडा, ऐसपैस खोल्या आणि एकच स्वयंपाकघर!

पहिला दिवस आम्ही पुरुषांनी व्हरांड्यात गप्पा छाटण्यात घालवला. रात्री थोरल्या वहिनी हसत म्हणाल्या, "भावजी, आमचं नुसतं स्वयंपाकघर बदललं हो!"

ते हसणे बोचले. दुसऱ्या दिवशी पोळ्या आम्ही लाटल्या. सगळ्या देशांचे नकाशे झाले!

वाचकहो, मोठा बंगला जरूर घ्या. पण भाड्याबरोबर स्वयंपाकाच्या पाळ्याही ठरवा. नाहीतर हवापालट निम्म्याच कुटुंबाचा होतो.