आपल्या उंबऱ्याचा आकडा

"ताई, उद्या जरा माझ्यासंगं येता का? प्लॉट बघायचाय."

बचत गटाची मीटिंग संपून सगळ्या जणी चपला शोधत होत्या, तेव्हा आमच्या गटातली एक जण हळूच म्हणाली. नवरा जाऊन चार वर्षं झालेली, पदरात दोन मुली. शाळेत पोषण आहार शिजवते. नवऱ्याच्या मागं मिळालेले पैसे तिनं बँकेत जपून ठेवलेले. आता सांगलीत दीड गुंठ्याचा तुकडा मिळत होता, तोही आजूबाजूच्या भावापेक्षा निम्म्यानं स्वस्त. इसार म्हणून वीस हजार रुपये तिनं देऊनही टाकले होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी गेलो. जागा सपाट, काळीभोर माती, रस्त्यालगत. दिसायला छानच. पण शेजारच्या घराच्या भिंतीवर, खिडकीच्याही वर, एक मळकट तपकिरी रेघ दिसली. त्या घरातल्या वहिनी कपडे वाळत घालत होत्या. मी विचारलं, "हे काय हो?"

"एकोणीस सालचं पाणी. दोनदा रंग दिला, तरी उमटतंय बघा."

प्लॉट दाखवणारा हसून म्हणाला, "ताई, तो शंभर वर्षांचा पूर होता. आला आणि गेला. आता तुमच्या नातवंडांनासुद्धा दिसायचा नाही."

मी गप्प बसले. कारण असंच वाक्य आमच्या घरात मी स्वतः बोलले होते.

२००५ साली आमच्या स्वयंपाकघरात कमरेएवढं पाणी आलं होतं. ओसरल्यावर यजमानांनी भिंतीवर पाण्याची खूण केली आणि तिच्यापेक्षा दीड-दोन फूट उंचावर धान्याची फळी करून घेतली. 'आता यापेक्षा जास्त काय येणार!' असं मीच म्हटलं होतं. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी त्या फळीच्याही वर गेलं. आठवडाभरानं घर उघडलं, तेव्हा वर्षाचा गहू सडून फुगलेला, लोणच्याच्या बरण्या चिखलात, लग्नाचा अल्बम म्हणजे नुसता लगदा. त्या गव्हाचा वास महिनाभर नाकातून जात नव्हता. मैत्रिणींनो, आम्ही आळशी नव्हतो, बेसावधही नव्हतो. आमचा हिशेबच चुकला होता. पुरानं परवा जिथवर मजल मारली तीच त्याची हद्द, असं आम्ही धरून चाललो होतो.

त्यानंतर मदत केंद्रात काम करताना माझ्या लक्षात आलं की टीव्हीवर, पेपरात रोज येणारे शब्द आपण नुसते ऐकतो. विसर्ग, क्युसेक, धोका पातळी, पूररेषा. ते साहेब लोकांचे शब्द, असं समजून सोडून देतो. पण पूर येतो तो आपल्या चुलीपाशी. मग हे शब्द आपल्यालाही कळायला नकोत का?

आधी पाण्याचं माप बघू. क्युसेक म्हणजे दर सेकंदाला एक घनफूट पाणी, सुमारे २८ लिटर. आपल्या भाषेत दोन घागरी धरा. 'विसर्ग एक लाख क्युसेक' म्हणजे दर सेकंदाला दोन लाख घागरी! टीएमसी हे साठ्याचं माप, एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. कोयना धरणात साधारण १०५ टीएमसी पाणी मावतं. एक लाख क्युसेकनं चोवीस तास पाणी वाहिलं, तर साडेआठ टीएमसीच्या थोडं वर जातं. म्हणून 'धरणाचे दरवाजे उघडून कमी करा ना पटकन' असं म्हणणं सोपं, करणं अवघड. धरण लवकर रिकामं करावं तर खालची गावं बुडतात, आणि थांबावं तर वर पाऊस धरणात मावत नाही.

दुसरा शब्द फुगवटा. कोयना कऱ्हाडला कृष्णेला मिळते. सांगलीजवळ हरिपूरला वारणा येऊन मिळते आणि पुढं नृसिंहवाडीला पंचगंगा. खालच्या नद्या तुडुंब असल्या की कृष्णेच्या पाण्याला पुढं सरकायला वाव राहत नाही. लग्नाच्या मांडवात दारातच गर्दी थटली की मागची माणसं जिथल्या तिथं उभी राहतात, तसंच. म्हणून कधी कधी आपल्याकडं पाऊस थांबून ऊन पडलेलं असतं आणि पाणी मात्र इंचाइंचानं चढत असतं.

आता इशारा पातळी आणि धोका पातळी. सांगलीत आयर्विन पुलापाशी नदीचं पाणी मोजतात. तिथं ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका. कोल्हापूरला राजाराम बंधाऱ्यावर हेच आकडे ३९ आणि ४३. हे फूट नदीतल्या मोजपट्टीचे असतात, आपल्या घरातल्या पाण्याचे नव्हेत. २००५ साली आयर्विनला पाणी ५३ फुटांच्या वर गेलं, २०१९ मध्ये साडेसत्तावन्न फुटांपर्यंत, आणि २०२१ मध्ये पुन्हा पंचावन्नच्या आसपास. आमच्या उंबऱ्याला पाणी लागतं ते आयर्विनला पन्नास फूट झाल्यावर. हा आमच्या घराचा आकडा. आमच्याहून सखल भागात राहणाऱ्यांना पंचेचाळीसची वाट बघून चालत नाही, त्यांच्या दारात त्याआधीच पाणी असतं. 'अजून धोका पातळी गाठलेली नाही' ही बातमी ऐकून त्या निवांत राहिल्या, तर फसतील. म्हणून प्रत्येकीनं आपापल्या उंबऱ्याचा आकडा माहीत करून घ्यायला हवा.

आणि सगळ्यात महत्त्वाचा शब्द पूररेषा. जलसंपदा खातं नदीकाठी दोन रेषा आखतं. निळी रेषा ढोबळमानानं पंचवीस वर्षांच्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांच्या पुराची. नदीपासून निळ्या रेषेपर्यंतचा पट्टा निषिद्ध. तिथं पिकं घ्या, बाग करा, मुलांना खेळायला मैदान ठेवा, पण घर बांधू नका. निळ्या आणि लाल रेषेच्या मधला पट्टा नियंत्रित. तिथं बांधकामाला अटी असतात, जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा उंच हवं, अशासारख्या.

आता त्या 'शंभर वर्षांच्या' पुराचं. हे मी गटात भिशीवरून समजावून सांगते. आपल्या भिशीत एकदा नंबर लागला की ती चिठ्ठी बाहेर, मग ती बाई वर्षभर निवांत. पुराची भिशी तशी नाही. डब्यात शंभर चिठ्ठ्या, त्यातली एक पुराची. दर पावसाळ्यात एक चिठ्ठी काढायची आणि वाचून परत डब्यात टाकायची! म्हणजे यंदा पुराची निघाली, तरी पुढच्या वर्षी ती डब्यात आहेच. शंभर वर्षांचा पूर म्हणजे दरवर्षी शंभरात एक एवढी शक्यता. तीस वर्षं एका घरात काढली, तर तो पूर एकदा तरी दारात येण्याची शक्यता शंभरात सव्वीस, चौघींत एकीला म्हणा. निळ्या रेषेच्या काठावर घर असेल, तर डब्यात पुराच्या चार चिठ्ठ्या. मग तीस वर्षांत शक्यता सत्तर टक्क्यांवर जाते. आणि हा हिशेब मागच्या पावसाच्या नोंदींवरचा. पाऊसमान बदललं तर चिठ्ठ्याही वाढणार.

आपल्या जुन्या लोकांना हे बिनरेषांचं कळत होतं. गाव वसवलं उंचावरच्या पांढरीत आणि नदीकाठची मळी ठेवली वांग्यांना. पूर यायचा, गाळ टाकून जायचा. नृसिंहवाडीला पाणी देवळात शिरून दक्षिण दारानं बाहेर पडलं की आजही लोक दक्षिणद्वाराच्या स्नानाला जातात. नदीनं वर्षातून चार दिवस पसरावं, हा तिचा हक्कच होता. आम्ही तिच्या त्या जागेत गुंठा-गुंठा पाडला. पाणी वाहून नेणारे ओत आणि नाले बुजवून त्यावर घरं बांधली. २०१९ च्या पुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीनंही पूरक्षेत्रातल्या अतिक्रमणांवर बोट ठेवलं होतं. पुराला अडवणं म्हणजे पूरनियंत्रण. पण पूर येणारच हे धरून आपलं घर, पीक, गुरं, शाळा कुठं असावीत हे ठरवणं म्हणजे पूरव्यवस्थापन. नदीचं घर नदीला सोडायचं, एवढाच त्याचा अर्थ.

पण हे सगळं त्या दिवशी प्लॉटवर उभं राहून सांगून काय उपयोग? मी तिला एवढंच म्हटलं, "चल, नकाशा बघू." गट नंबर घेऊन आम्ही कचेरीत गेलो. एक चक्कर, दोन चकरा. तिसऱ्या खेपेला एकानं नकाशा पसरून बोट ठेवलं. तुकडा निळ्या रेषेच्या आत होता, काठावरसुद्धा नाही. भाव निम्मा का होता, ते त्या एका रेघेत कळलं.

ती बराच वेळ काही बोलली नाही. बाहेर आल्यावर म्हणाली, "ताई, इसार परत देतील का हो?"

दिला नाही. दोनदा मी सोबत गेले, भांडले, पण कागदावर लिहून घेतलेलं काही नव्हतं. वीस हजार, म्हणजे तिचं आठ महिन्यांचं मानधन. ती रडली आणि माझ्यावरही थोडी चिडली. "तुम्ही आधी का नाही सांगितलंत?" तिचं बरोबर होतं. गटात आम्ही पापड, शेवया, कर्जाचे हप्ते सगळं बोललो होतो. पूररेषा हा शब्द एकदाही काढला नव्हता. अजून ती भाड्याच्या दोन खोल्यांतच आहे आणि उंचावरची जागा शोधतेय. ती महाग आहे, वेळ लागेल.

म्हणून हे लिहायला बसले. जागा घेताना नळ आहे का, शाळा जवळ आहे का, हे आपणच विचारतो ना? मग आणखी दोन प्रश्न विचारायचे. जागा पूररेषेच्या कुठल्या बाजूला आहे? आणि २००५, २०१९, २०२१ ला इथं पाणी किती होतं? पहिल्याचं उत्तर तोंडी घेऊ नका. नगररचना विभागातून झोन दाखला घ्या, नकाशा डोळ्यांनी बघा, मगच इसार द्या आणि दिलात तर पावती घ्या. दुसऱ्याचं उत्तर शेजारची वहिनी देईल, खोटं बोलून तिला काही मिळायचं नसतं.

जिथं आधीच राहतोय, तिथून उठून जाणं सगळ्यांना जमत नाही, मलाही जमलेलं नाही. पण २०२१ ला आयर्विनचा आकडा पंचेचाळीसच्या वर सरकायला लागला, तसं आम्ही गहू, कागदपत्रं आणि सासूबाईंना घेऊन नणंदेकडं गेलो. घरात पाणी आलंच, पण गव्हाचा एक दाणा भिजला नाही.

आमच्या स्वयंपाकघरात आता कॅलेंडरशेजारी एक कागद चिकटवलाय. 'उंबरा ५० फूट. ४५ ला निघायचं.' तुमच्या भिंतीवर कोणता आकडा लिहायचा, ते पावसाळ्याआधी एकदा विचारून ठेवा.