एक फीत, दोन पिढ्यांचे कान

सोलापूरच्या नवी पेठेत गाण्यांच्या कॅसेटी घेण्यासाठी गिऱ्हाइकांची रीघ लागत असे, त्या काळी माझ्या चार वर्षांच्या मुलीसाठी काही गाणी घ्यावीत म्हणून मी एका दुकानाची पायरी चढलो, तेव्हा गल्ल्यावरच्या गृहस्थांनी विचारले, "लहान मुलांसाठी दाखवू, का घरच्यांसाठी?" प्रश्न सरळ व्यवहाराचा होता, परंतु मुले म्हणजे घरच्यांहून निराळी कोणी जमात आहे असे गृहीत धरून मीही दोन्ही जिन्नस घेतले, आणि ती विभागणीच मुळात चुकीची होती, हे पुढील महिन्याभरात त्या दोन कॅसेटींनीच मला शिकविले.

मुलांची म्हणून आणलेल्या कॅसेटीत गाणारे ओरडत होते, वाद्ये यंत्रवत् ठणठणत होती आणि प्रत्येक गाण्याच्या शेवटी काहीतरी उपदेश ठेवलेला होता. मुलीने ती दोन दिवस ऐकली आणि तिसऱ्या दिवशी ती खणात गेली. दुसरी, जुन्या मराठी गाण्यांची, मात्र इतकी वाजली की तिची फीत वारंवार यंत्रात गुंतू लागली. तिच्या चाकाच्या दात्यांत शिसपेन्सिल खोवून ती हलक्या हाताने गुंडाळण्याचे काम माझ्याकडे असे, आणि फीत तुटते की काय या धास्तीने माझ्या गुडघ्याला टेकून श्वास रोखून पाहण्याचे काम मुलीकडे असे.

त्या कॅसेटीत ‘नाच रे मोरा’ होते. १९५३ च्या ‘देवबाप्पा’ या चित्रपटासाठी ग. दि. माडगूळकरांनी लिहिलेले, पु. ल. देशपांडे यांनी स्वरबद्ध केलेले आणि आशा भोसले यांनी गायिलेले हे गीत आज सत्तर वर्षांनंतरही टवटवीत आहे, याचे कारण शोधावयास फार दूर जावे लागत नाही. त्या तिघांपैकी एकानेही, ऐकणारा लहान आहे म्हणून, आपल्या कलेचा हात आखडता घेतला नाही. मुलाला त्यात मोर दिसतो आणि पाय आपोआप थिरकू लागतात. मोठ्या माणसाला तेच शब्द ठेक्यावर किती अचूक उतरले आहेत, याचे नवल वाटते. गाणे एकच, आनंद दोन, आणि कोणाचाही आनंद दुसऱ्याच्या वाट्यातून काढून दिलेला नाही.

यावरून निवडीची पहिली कसोटी ठरते. आवडलेले गाणे मूल एकदा ऐकून थांबत नाही. "पुन्हा लाव" हे त्याचे फर्मान दिवसातून दहादा सुटते. म्हणून जे ध्वनिमुद्रण मोठ्या माणसाला शंभराव्या वेळीही सुसह्य, किंबहुना सुखद वाटेल, तेच घरात आणावे. दुसरी कसोटी शब्दांची: उच्चार स्वच्छ असावेत आणि वाद्यांच्या गर्दीत ते बुडू नयेत. तिसरी लांबीची: जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावत असे, आणि ही मर्यादा लहान मुलाच्या अवधानाशी विलक्षण जुळते. चौथी कथेची: रशियन संगीतकार प्रोकोफिएव्ह यांनी १९३६ साली रचलेल्या ‘पीटर आणि लांडगा’ या रचनेत पक्ष्यासाठी बासरीच्या जातीचे वाद्य आणि मांजरासाठी क्लॅरिनेट अशी प्रत्येक पात्राला वाद्याची ओळख दिलेली आहे, गोष्ट ऐकता ऐकता मुलाला वाद्ये ओळखू येतात, आणि मोठ्यांना, वाद्यवृंद कसा ऐकावा, याचा धडा नकळत मिळतो.

आपल्या सोलापुराला तर याहून जवळची सामग्री उपलब्ध आहे. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू एकाच गल्लीत नांदणाऱ्या या शहरात शाहीर राम जोशी होऊन गेले. त्यांच्यावरील १९४७ च्या ‘लोकशाहीर राम जोशी’ या चित्रपटाला वसंत देसाई यांचे संगीत आहे, आणि त्यातील डफ-तुणतुण्याचा ठसका मुलाच्या पायांना तत्काळ कळतो. बाराव्या शतकातील सिद्धरामेश्वरांनी याच भूमीत कन्नड वचने रचली. वचनसाहित्याची गोडी मल्लिकार्जुन मन्सूर यांच्या स्वरांत ऐकावी. नातवाला शब्द कळले नाहीत, तर कन्नड जाणणाऱ्या आजीने अर्थ सांगावा. आजीला असा मान देणारे ध्वनिमुद्रण घरात असणे, हीच मोठी मिळकत आहे.

आणि ‘गीतरामायण’? १ एप्रिल १९५५ रोजी पुणे आकाशवाणीवरून आरंभ झालेली माडगूळकर आणि सुधीर फडके यांची ही छप्पन गीते अनेक घरांत एका बैठकीत लावली जातात, आणि मुले तिसऱ्या गीताला पेंगतात. ती मूळ आठवड्यास एक या क्रमाने प्रसारित झाली होती. घरीही तोच दस्तुर पाळावा. पहिल्या गीताचा प्रसंग तर आपल्या विषयाचे मर्मच आहे: कुश आणि लव ही दोन मुले गात आहेत, आणि भरल्या सभेत प्रत्यक्ष श्रीराम ऐकत आहेत. लहानांनी गावे आणि थोरांनी मन लावून ऐकावे, ही आपल्याकडील सहश्रवणाची सर्वांत जुनी बैठक होय.

आज कॅसेटींचा काळ सरला, आणि हवे ते गाणे मोबाइलवर क्षणात मिळते. निवडीचा भार त्यामुळे हलका झालेला नाही, उलट वाढला आहे. कारण मुलाच्या हाती यंत्र देऊन आपण दुसऱ्या खोलीत जाण्याची मुभाही त्याच यंत्राने आपल्याला दिली आहे. वाचकांना माझी एवढीच विनंती आहे: आज रात्री जेवणे उरकल्यावर आपल्याला स्वतःला मनापासून आवडणारे एकच गाणे निवडा, आवाज बेताचा ठेवा, आणि ते संपेपर्यंत मुलाजवळ बसा. मूल "पुन्हा" म्हणाले, तर पुन्हा लावा.