कबुतराला का होत नाही?

२०२५च्या ऑगस्टमध्ये दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला गेला. उच्च न्यायालयात प्रकरण गाजलं आणि ‘कबुतरांमुळे फुप्फुसं खराब होतात’ हे घराघरांत बोललं जाऊ लागलं. गिरगावातल्या एका वाचकांनी त्यावर विचारलं आहे : ‘आमच्या चाळीच्या वळचणीला कबुतरं पिढ्यान्‌पिढ्या राहतात. त्यांची पिल्लं त्याच विष्ठेत, त्याच पिसांत वाढतात. मग हा रोग त्यांना का होत नाही?’

प्रश्न फार सुंदर आहे. त्याचं उत्तर शोधताना आधी मोह होतो तो कबुतराच्या छातीत डोकावण्याचा, कारण तिथली रचना थक्क करणारी आहे.

आपलं फुप्फुस म्हणजे चर्चगेट स्टेशन. गाडी शेवटच्या फलाटापर्यंत येते आणि त्याच रुळांवरून मागे फिरते. श्वासही तसाच : ज्या वाटेने आत, त्याच वाटेने बाहेर. त्यामुळे थोडी शिळी हवा कायम आत उरते. पक्ष्याचं फुप्फुस म्हणजे दादर. एका बाजूने गाडी येते, दुसऱ्या बाजूने पुढे जाते. पक्ष्याचं फुप्फुस स्वतः फारसं फुगत नाही. त्याच्या मागे-पुढे हवेच्या पिशव्या असतात आणि त्या भात्याचं काम करतात. पहिल्या श्वासात हवा मागच्या पिशव्यांत जाते, उच्छ्वासात फुप्फुसातून पुढे सरकते, दुसऱ्या श्वासात पुढच्या पिशव्यांत येते आणि दुसऱ्या उच्छ्वासात बाहेर पडते. म्हणजे हवेच्या एका फेरीला दोन श्वास लागतात. या पिशव्यांचे फाटे हाडांतही शिरतात. अठराव्या शतकात जॉन हंटर या शल्यविशारदाने पक्ष्याची श्वासनलिका बांधून पंखाचं हाड कापलं, तर पक्षी त्या हाडातून श्वास घेत राहिला. प्रयोग क्रूर होता, पण पक्ष्याचा श्वास हाडापर्यंत पोहोचतो हे त्यातून कळलं.

मात्र आपल्या वाचकांच्या प्रश्नाचं उत्तर या रचनेत नाही. ते पहाऱ्यात आहे.

माणूस दिवसाला दहा-बारा हजार लिटर हवा आत घेतो आणि तिच्याबरोबर धूळही. मोठे कण नाकातच अडकतात. त्यातून निसटलेले श्वासनलिकेतल्या चिकट थरावर बसतात. या थराखालचे अतिसूक्ष्म तंतू सेकंदाला दहा-पंधरा वेळा हलतात आणि सरकत्या जिन्यासारखा तो थर घशाकडे नेत राहतात. आपण तो नकळत गिळतो किंवा खाकरून टाकतो. पण हा जिना फुप्फुसाच्या टोकांशी असलेल्या इवल्या पिशव्यांपर्यंत, म्हणजे वायुकोशांपर्यंत, पोहोचत नाही. तिथला पडदा इतका पातळ आहे की त्यावर चिकट थर पसरला तर प्राणवायूच आत जायचा नाही. या सगळ्या पडद्यांचं क्षेत्रफळ सुमारे ७० चौरस मीटर भरतं, म्हणजे बीडीडी चाळीतल्या १६० चौरस फुटांच्या साडेचारहून थोड्या जास्त खोल्या. एवढी जागा झाडायला तिथे भक्षक पेशी फिरत असतात आणि दिसेल तो परका कण गिळतात.

या पेशींचं काम प्रथम ओळखलं इल्या मेचनिकॉफ यांनी. १८८२मध्ये सिसिलीतल्या मेसिना गावी त्यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचा काटा टोचून ठेवला. सकाळी पाहतात तर काट्याभोवती पेशींची गर्दी! सूज ही शरीराची संरक्षणाची धडपड असते, हा विचार त्यातून पक्का झाला. त्यांचाच एक विद्यार्थी १८९६मध्ये प्लेगशी लढायला मुंबईत आला आणि जानेवारी १८९७मध्ये त्याने आपली लस आधी स्वतःला टोचून घेतली. तो म्हणजे वाल्देमार हाफकिन. परळच्या हाफकिन संस्थेवरून जाताना मला लसीबरोबर तो गुलाबाचा काटाही आठवतो.

कबुतराच्या पिसांवरची पांढुरकी भुकटी जेमतेम एक मायक्रॉनची असते. नाक आणि जिना चुकवून ती थेट वायुकोशात पोहोचते. तिच्यावर आणि वाळलेल्या विष्ठेत कबुतराची प्रथिनं असतात. आपल्या शरीराला ती परकी. रोज, महिनोन्‌महिने ती येत राहिली की काही जणांच्या शरीरात त्यांच्याविरुद्ध कायमची फौज उभी राहते. काटा छोटा आणि सूज मोठी, अशी स्थिती होते. सूज वर्षानुवर्षं टिकली की नाजूक पडद्यावर वण धरतात आणि जिना चढताना धाप लागू लागते. कबुतरासाठी मात्र ती प्रथिनं घरचीच, म्हणून त्याचे पहारेकरी स्वस्थ असतात. श्वसनाचे संसर्ग कबुतरांनाही होतात, पण स्वतःच्याच भुकटीचं त्यांना वावडं नसतं.

१९६५मध्ये अमेरिकेतल्या कबुतरपाळांमध्ये हा रोग नोंदवला गेला. खुराडं साफ केल्यावर काही तासांनी त्यांना ताप, खोकला आणि धाप जाणवे. तरी कबुतरखान्यावरून गेलेला प्रत्येक जण आजारी पडतो असं मानणं चूक आहे. वर्षानुवर्षं संपर्कात राहूनही अनेकांना काही होत नाही. २०१७मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतातल्या १९ शहरांच्या अभ्यासात वण धरणाऱ्या फुप्फुसरोगांचे १,०८४ रुग्ण तपासले गेले. त्यांतल्या जवळपास निम्म्यांना याच जातीचा रोग होता आणि त्यामागे पक्ष्यांपेक्षाही जास्त वेळा ओलसर, बुरशी धरलेले कूलर आढळले. घरातल्या कूलरकडे आपलं लक्ष जातच नाही, याची मला खरी काळजी वाटते.

या रोगात पहिलं औषध म्हणजे त्या कणांपासून दूर होणं, बाकी गोळ्या त्यानंतर. तेव्हा वळचणीची विष्ठा कोरडी झाडू नका. आधी पाणी मारा, नाकाला चांगला मास्क लावा, मग काढा आणि जाळी बसवा. कोरडा खोकला आठवडे उलटून गेले तरी राहिला आणि धाप लागत असेल, तर डॉक्टरांनी विचारायची वाट न पाहता सांगा : ‘आमच्या खिडकीत कबुतरं बसतात.’ दमा किंवा क्षय समजून चाललेल्या उपचारांची दिशा या एका वाक्याने बदलू शकते.