हौशी मासेमारी व मत्स्यसंशोधन

करमणूक वा क्रीडा म्हणून गळाने मासे धरणाऱ्या व्यक्ती आपल्या पकडीच्या नोंदी, मोजमापे व नमुने मत्स्यशास्त्रज्ञांना पुरवितात. या सहकार्याचा विचार प्रस्तुत नोंदीत केला आहे. उपजीविकेसाठी होणाऱ्या मासेमारीची माहिती बंदरांवरील व बाजारांतील आकड्यांवरून मिळते. पण विक्रीस न येणाऱ्या किंवा दुर्मिळ झालेल्या जातींबाबत हे साधन अपुरे पडते. संशोधन-नौका चालविणे खर्चाचे असते आणि दुर्गम नद्यांच्या काठी शास्त्रज्ञांना वर्षानुवर्षे राहणे शक्य नसते. हौशी मासेमार मात्र अशाच ठिकाणी स्वखर्चाने व वारंवार जातात. त्यामुळे नदीकाठच्या वा समुद्रकाठच्या शिबिरात सुटी घालविण्यास आलेल्या पाहुण्यांकडूनच संशोधनाचे काम करून घेण्याची पद्धत अनेक देशांत रूढ झाली आहे.

इतिहास : या सहकार्याला पद्धतशीर रूप विसाव्या शतकाच्या मध्यास आले. अमेरिकेतील वुड्स होल सागरवैज्ञानिक संस्थेतील फ्रँक मॅथर यांनी १९५४ मध्ये मोठ्या सागरी माशांना खूणपट्टी लावून सोडून देण्याचा उपक्रम सुरू केला आणि त्यासाठी हौशी मासेमारांचे साहाय्य घेतले. त्या वर्षी मॅसॅचूसेट्स राज्याच्या किनाऱ्याजवळ खूण केलेले निळ्या परांचे दोन ट्यूना मासे १९५९ मध्ये यूरोपलगतच्या बिस्के उपसागरात पकडले गेले. हा मासा अटलांटिक महासागर ओलांडून जातो याचा प्रत्यक्ष पुरावा त्यामुळे मिळाला. एकाच देशाने निर्बंध घालून अशा माशाचे रक्षण होणार नाही, हेही त्यावरून स्पष्ट झाले.

जॉन केसी यांच्या पुढाकाराने १९६२ मध्ये मुशी (शार्क) माशांसाठी असाच कार्यक्रम अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सुरू झाला. आरंभी त्यात शंभराहूनही कमी स्वयंसेवक होते. पुढे त्यांची संख्या हजारोंवर गेली. या कार्यक्रमात खूण केलेली एक मुशी तब्बल २७·८ वर्षांनी पुन्हा सापडली. मुशी सावकाश वाढते व दीर्घकाळ जगते, म्हणून तिची बेसुमार पकड झाल्यास संख्या भरून येण्यास फार काळ लागतो, या निष्कर्षाला अशा नोंदींनी बळकटी आली. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्यात १९७३ पासून चालू असलेल्या उपक्रमात हौशी मासेमारांनी चार लाखांहून अधिक मासे खूण करून सोडले आहेत.

कार्यपद्धती : माशाच्या पृष्ठपराजवळील स्नायूत लहानशा टोकदार अग्राने खूणपट्टी रोवतात. तीवर क्रमांक व परत कळविण्याचा पत्ता असतो. मुश्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या एका प्रकारात कुपीत गुंडाळलेली, अनेक भाषांतील सूचना असलेली चिठ्ठी असते. कारण मासा कोणत्या देशाच्या मासेमाराच्या हाती लागेल हे आधी सांगता येत नाही. स्थळ, दिनांक, जात व अंदाजे लांबी ही माहिती मासेमार संशोधन केंद्राकडे पाठवितो. तोच मासा पुन्हा सापडला म्हणजे दोन्ही नोंदी ताडून त्याचा प्रवास, वाढ व किमान वय ठरविता येते. पुन्हा सापडणारे मासे थोडेच असल्यामुळे पुष्कळ मासे खूण करून सोडावे लागतात आणि त्यासाठी हौशी मासेमारांची मोठी संख्या उपयोगी पडते.

काही ठिकाणी वयनिश्चितीसाठी खवले आणि डीएनए तपासणीसाठी पराचा लहानसा तुकडाही घेतात. मात्र सर्वांत साधे व तितकेच मोलाचे साधन म्हणजे शिबिरातील नोंदवही होय. तीत पकडलेल्या माशांबरोबर गळ पाण्यात असलेले तासही लिहावे लागतात. दहा मासे मिळाले या माहितीला स्वतंत्र अर्थ नाही. ते पाच तासांत मिळाले की पन्नास तासांत, यावर तिचा अर्थ अवलंबून असतो. म्हणून रिकाम्या हाताने परतलेल्या दिवसाची नोंद यशस्वी दिवसाच्या नोंदीइतकीच महत्त्वाची असते. पकडीला तासांनी भागून येणारी संख्या दीर्घकाळ एकाच पद्धतीने मिळत राहिली, तर तिच्यावरून माशांच्या संख्येतील चढउतारांचा अंदाज बांधता येतो.

कावेरीतील महसीर : अशा नोंदवहीचे सामर्थ्य व तिच्या मर्यादा या दोहोंचे बोलके उदाहरण भारतात आढळते. कर्नाटकात बंगळूरच्या दक्षिणेस कावेरी नदीच्या काठी गालिबोर येथे मासेमारीचे शिबिर होते. महसीर या बलवान माशाशी झुंज घेण्यासाठी देशोदेशींचे हौशी मासेमार तेथे येत. कावेरीच्या खोऱ्यातील महसीरची कीर्ती जुनी आहे. १९४६ मध्ये म्हैसूरच्या व्हॅन इंगेन कुटुंबातील एका मासेमाराने काबिनी नदीत १२० पौंड (सु. ५४ किग्रॅ.) वजनाचा महसीर धरला होता. गालिबोर येथे मासा तोलून पुन्हा नदीत सोडण्याचा नियम होता. परिसरातील गावकऱ्यांना वाटाडे व रक्षक म्हणून काम मिळे आणि सुरुंग लावून मासे मारण्याच्या प्रकारांना त्यामुळे काहीसा आळा बसे.

या शिबिरातील १९९८ ते २०१२ या काळातील नोंदींचे विश्लेषण एड्रियन पिंडर, राजीव राघवन व रॉबर्ट ब्रिटन या संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केले. एकूण २३,६२० तासांत ६,१६१ महसीर पकडले गेले होते. म्हणजे एका माशामागे सरासरीने जवळजवळ चार तास खर्ची पडले. माशांची वजने ०·४५ किग्रॅ.पासून ४६·८ किग्रॅ.पर्यंत होती. दर तासामागील पकड वर्षागणिक वाढत गेली होती आणि माशांचे सरासरी वजन घटत गेले होते. लहान मासे विपुल असल्याचे हे लक्षण असल्यामुळे नदीतील महसीर सुस्थितीत आहेत, असा निष्कर्ष वरवर पाहता निघत होता.

तथापि नोंदींत महसीरचे दोन प्रकार वेगळे दाखविलेले होते. ते निरनिराळे तपासताच चित्र पालटले. एकूण पकडीपैकी ९५ टक्के मासे निळसर परांचे होते आणि वाढ झाली होती ती त्यांचीच. सोनेरी झाक असलेला, पाठीला वशिंडासारखा उंचवटा असलेला मूळचा महसीर वर्षानुवर्षे कमी मिळत होता. जो मिळे तो मात्र अधिकाधिक वजनदार असे. मासेमाराला आनंद देणारी ही गोष्ट वस्तुतः धोक्याची सूचना होती. लहान मासे मुळीच मिळत नसतील तर सरासरी वजन वाढतच जाते. नदीत नवी पिढी तयार होत नाही व केवळ जुने मासे उरले आहेत, असा त्याचा अर्थ होतो.

या घटनेचा महाराष्ट्राशी निकटचा संबंध आहे. निळ्या परांचा महसीर (टॉर खुद्री) ही जाती विल्यम हेन्री साइक्स या लष्करी अधिकारी व निसर्गवैज्ञानिकाने १८३९ मध्ये पुण्याच्या पूर्वेकडील मुळा-मुठा नदीतील माशांवरून वर्णिली होती. १९७० नंतरच्या दशकांत लोणावळा येथे टाटा वीज कंपन्यांच्या मत्स्यकेंद्रात या जातीची कृत्रिम पैदास यशस्वी झाली आणि तेथील मत्स्यबीज देशातील अनेक जलाशयांत व नद्यांत सोडण्यात आले. कावेरी त्यांपैकी एक होय. महसीरची घटती संख्या सावरणे हा त्यामागील हेतू होता. परंतु सर्व महसीर एकच मानल्यामुळे एका नदीची जाती दुसरीत गेली. मूळ महसीरच्या ऱ्हासास धरणे, सुरुंग व विष यांचा वापर यांबरोबरच हा शिरकावही कारणीभूत असावा, असे अनुमान संशोधकांनी काढले आहे.

कावेरीच्या या मूळ माशाला त्या वेळी निश्चित शास्त्रीय नावही नव्हते. प्रत्येक मासा परत सोडला जात असल्याने मासेमारांच्या संग्रही असंख्य छायाचित्रे होती, पण अभ्यासासाठी जतन केलेले नमुने नव्हते. केरळातील पांबार या कावेरीच्या खोऱ्यातील नदीमधून २००७ मध्ये वर्णिलेली टॉर रेमादेवीआय ही जाती व हा मासा एकच आहेत, हे शरीररचना व डीएनए यांच्या अभ्यासावरून २०१८ मध्ये सिद्ध झाले. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या सूचीत तिची गणना अतिसंकटग्रस्त जातींत झाली. शतकाहून अधिक काळ जगभरच्या मासेमारांना परिचित असलेल्या माशाला नाव मिळाले, ते तो नाहीसा होण्याच्या मार्गावर असताना.

मर्यादा : हौशी मासेमार यदृच्छेने गळ टाकत नाही, मासा मिळण्याचा संभव असेल तेथेच टाकतो. त्यामुळे उरलेले मासे मोजक्या डोहांत एकवटले, तर त्यांची संख्या घटत असतानाही पकड टिकून राहते आणि अभ्यासकाची फसगत होते. मोठ्या माशांचीच नोंद करणे, वजन वाढवून सांगणे व जात चुकीची ओळखणे हे दोषही संभवतात. सोडलेला मासा जगतोच असे नाही. झुंज लांबल्यास किंवा मासा पाण्याबाहेर फार वेळ राहिल्यास त्याच्यावर ताण येतो. पाणी उबदार असेल तर तो अधिक जाणवतो. म्हणून काटा नसलेले गळ वापरणे, झुंज आखूड ठेवणे व मोजमाप शक्यतो पाण्यातच करणे या अटी घालतात. मनोरंजनासाठी प्राण्याला इजा करावी काय, हा नैतिक प्रश्न या उपायांनीही पूर्णपणे सुटत नाही.

कायद्याचाही प्रश्न उपस्थित होतो. गालिबोर हे कावेरी वन्यजीव अभयारण्यात येते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ याच्या आधारे अभयारण्यांतील गळाची मासेमारी बंद करण्यात आली आणि २०१२ मध्ये तेथील नोंदवहीही थांबली. बंदीमुळे माशांना त्रास देणारा गळ गेला, असे एक मत आहे. नदीवरील राबता कमी झाल्याने सुरुंग लावणाऱ्यांना मोकळीक मिळाली, असे दुसरे. यांपैकी कोणते खरे याचा निवाडा पुढील वर्षांच्या नोंदींवरून झाला असता. पण त्याच उपलब्ध नाहीत.

या अनुभवावरून काही निष्कर्ष निघतात. पकडीची नोंद जातवार ठेवावी, सर्वांची एकत्र बेरीज करून समाधान मानू नये. प्रत्येक नोंदीसोबत छायाचित्र व शक्य तेथे पराचा लहानसा तुकडा जतन करावा. आणि वह्यांचे विश्लेषण दरवर्षी करावे. गालिबोरच्या वह्यांत मूळ महसीरच्या ऱ्हासाचा पुरावा वर्षानुवर्षे साठत होता. तो वेळेवर वाचला गेला असता, तर त्या माशाच्या रक्षणास अधिक अवधी मिळाला असता.