वारीच्या वाटेवरील अग्निनारायण

ज्येष्ठ वद्यात आळंदी-देहूहून पालख्या निघतात आणि अवघी वाट पंढरीची होते. वारकरी पायी चालत असतो. परंतु त्याच्या आधी पुढच्या मुक्कामी पोहोचतो तो दिंडीचा ट्रक, शिधा, भांडी, राहुट्या आणि गॅसच्या टाक्या घेऊन. तीन दगडांच्या चुलीतील अग्नी डोळ्यांना दिसे. टाकीत कोंडलेला अग्नी दिसत नाही. म्हणून त्याचे व्रत अधिक कडक पाळावयास हवे, असे आम्हांस वाटते.

वाटेत लहान टाकी संपली की मोठ्या टाकीला नळी जोडून गॅस ओतून घेण्याचा प्रकार कोठे कोठे चालतो. तो बेकायदेशीर तर आहेच, पण प्राणघातकही आहे. टाकीत गॅस द्रवरूपाने असतो. भरणा केंद्रात तो वजन करून भरतात व वर काही जागा मोकळी ठेवतात. कारण उष्णतेने द्रव फुगतो. अंदाजाने काठोकाठ भरलेल्या टाकीत त्यास जागाच उरत नाही. शिवाय सांडलेल्या द्रवाची सुमारे २५० पट वाफ होते. ती हवेहून जड असल्याने ताडपत्रीखाली, ट्रकच्या तळाशी साचून राहते. मग एक निरांजनही अनर्थास पुरे होते.

२६ ऑगस्ट २०२३ रोजी मदुराई येथे यात्रेकरूंच्या रेल्वेडब्यात, नियम मोडून नेलेल्या गॅसच्या टाकीमुळे आग लागली आणि उत्तर प्रदेशातून देवदर्शनास निघालेल्या ९ जणांचा अंत झाला. हे विसरता येत नाही.

म्हणून रिकामी टाकी अधिकृत वितरकाकडूनच बदलून घ्यावी. लहान हवी असल्यास तेथे ५ किलोचीही मिळते. घेताना सील व आतील वॉशर पाहावा. टाकी सदैव उभीच ठेवावी. ट्रक हलण्यापूर्वी रेग्युलेटर काढून टोपी लावावी. शेगडी राहुटीबाहेर, मोकळ्या हवेत मांडावी. जोडणीवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहावे. काडी ओढून गळती कधीही शोधू नये. वास येताच सर्व ज्योती विझवाव्यात, विजेच्या बटणास हात लावू नये, माणसे दूर न्यावीत आणि १९०६ या क्रमांकावर कळवावे.

अन्नदान हे वारीतील थोर पुण्य. पंगतीतला प्रत्येक वारकरी एकादशीला सुखरूप कळसदर्शन घेईल, तेव्हाच ते पूर्ण झाले असे आम्ही मानतो.